आयपीएक्स कर्नलमधून गेलं, आता डॉसच्या मशीनचं काय करू?

खटपट्या: नमस्कार मंडळी. लेथच्या कंट्रोलरला जोडलेला डॉसचा पीसी आहे, तो आयपीएक्सवरून (नोव्हेल नेटवेअरचा जुना नेटवर्क प्रोटोकॉल) लिनक्स सर्व्हरवरच्या (मार्स-एनडब्ल्यूई, म्हणजे लिनक्सला नेटवेअर सर्व्हरसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम) फायली उचलतो, इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. सर्व्हरची ओएस नवी टाकली आणि आता आयपीएक्सचं मॉड्यूलच (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडला जाणारा ड्रायव्हर) सापडत नाही म्हणतंय. एवढासा ड्रायव्हर ठेवला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? डॉसवाल्याला हात लावायचा नाहीये. सुचवा काहीतरी.

कर्नलकाका: कर्नल ४.१८ मध्ये काढलं ते, २०१८ साली. एवढासा वगैरे काही नसतं हो, कर्नलच्या आत नेटवर्कचा कोड बदलला की असल्या प्रत्येक प्रोटोकॉलला हात लावावा लागतो आणि तपासायला कोणाकडे मशीन नसतं. डेकनेट (डीईसी कंपनीचा असाच जुना प्रोटोकॉल) कित्येक वर्षं बेवारस पडून होतं, शेवटी ६.१ मध्ये काढलं. शिवाय मेंटेनर नसलेला कोड बाहेरून आलेली पॅकेटं वाचतो आणि तेही कर्नलच्या अधिकारात, म्हणजे दार उघडं आणि राखणदार नाही. माझ्या मते काढलं ते बरंच केलं.

भंगारप्रेमी: काका, मुद्दा कळला पण मशीन ३० वर्षं चालतं आणि ओएस पाच वर्षांत म्हातारी होते, त्याचं काय? डीफॉल्टला बंद ठेवा, ज्याला हवं तो चालू करेल.

कर्नलकाका: बंद ठेवलेला कोडही कंपाइल व्हायला लागतो, तो कोण सांभाळणार? तुम्ही सांभाळता का, लगेच पॅच पाठवा :)

खटपट्या: भांडू नका. मी डॉसवर मायक्रोसॉफ्टचा जुना क्लायंट टाकून सांबाला (लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फायली वाटणारा प्रोग्रॅम) एसएमबी१ (फायली वाटायचा विंडोजचा जुना प्रोटोकॉल) बोलायला लावू का?

तारजोड: नको! एक तर सांबाने ४.११ पासून ते डीफॉल्टला बंद केलंय, आणि २०१७ चं वॉनाक्राय (खंडणी मागणारा व्हायरस) विंडोजमधल्या एसएमबी१ च्याच भोकातून पसरलं, असला जुना प्रोटोकॉल ऑफिसच्या सर्व्हरवर परत उघडू नका. त्यापेक्षा ४.१८ च्या आधीच्या कर्नलची एक व्हीएम (सर्व्हरच्या आतच चालणारं आभासी मशीन) करा, मार्स तिच्यात टाका, सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड लावून ते फक्त या व्हीएमला ब्रिज करा (थेट जोडा). ब्रिज इथरनेटच्या फ्रेम पाहतो, आत आयपीएक्स आहे की आणखी काय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्यामुळे होस्टला ड्रायव्हर लागतच नाही. केबलच वापरा, वायफायवर ब्रिज धड चालत नाही. व्हीएमला इंटरनेट अजिबात देऊ नका.

कधी डॉसला हात लावायची हिंमत झालीच तर ईथरडीएफएस बघा, पॅकेट ड्रायव्हर (डॉसमधला नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर) असला की नेटवर्कची ड्राइव्ह मिळते आणि लिनक्सच्या बाजूचा सर्व्हर साधा प्रोग्रॅम आहे, रॉ सॉकेटवर चालतो (इथरनेटच्या फ्रेम थेट वाचतो). भंगारप्रेमी, जुन्या प्रोटोकॉलची जागा खरं तर अशी कर्नलच्या बाहेर, तिथे कोसळला तरी एकच प्रोग्रॅम कोसळतो.

भंगारप्रेमी: +१, हे पटलं.

खटपट्या: व्हीएम केली. डॉसला सर्व्हरच दिसत नाहीये, व्हीएमवर पॅकेटं मात्र येताना दिसतात.

तारजोड: फ्रेम टाइप (इथरनेटच्या फ्रेममध्ये आयपीएक्स कसं गुंडाळायचं ते) बघा. डॉसच्या नेट.सीएफजी (नेटवर्क सेटिंगची फाइल) मध्ये ८०२.३ असेल आणि मार्सला ८०२.२ दिलं असेल तर दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. नेटवेअर ३.१२ पासून डीफॉल्ट बदललं होतं, तेव्हाही लोकांनी यावर केस उपटले.

खटपट्या: तेच होतं!! लॉगिन झालं. आता या व्हीएमचा बॅकअप कुठे ठेवावा तेही सांगा.