डायलिसिसच्या रुग्णाने व्यायाम करावा का? वडिलांसाठी सल्ला हवा

प्रश्न (विडी घरकुल, सोलापूर):
माझे वडील आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहून काम करत आले. मधुमेह जुना आहे आणि गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. अलीकडे त्यांच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या आहेत की सतरंजीवरून उठताना दाराच्या चौकटीला धरावे लागते. त्यांनी थोडे चालावे असे मी म्हणतो, पण आई आणि आत्या दोघीही ‘आजारी माणसाला कशाला दमवतोस?’ म्हणून मलाच गप्प करतात. परदेशात मशीन चालू असतानाच रुग्णांना पायांची सायकल मारायला लावतात, असे ऐकले आहे. ते सुरक्षित आहे का? आमच्या सेंटरमध्ये अशी सायकल नाही. मग काय करता येईल? आणि त्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजला जाणारा टाकाऊ पदार्थ) उतरेल का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, होटगी रस्ता):
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. व्यायामाने मूत्रपिंड पुन्हा काम करू लागत नाही, त्यामुळे त्यासाठी क्रिएटिनिनकडे पाहू नये. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होते. डायलिसिसच्या रुग्णाचा आकडा महिन्यामागून महिना आपोआप उतरत असेल, तर आनंद मानण्याऐवजी स्नायू झिजत नाहीत ना, हे तपासावे लागते.

फायदा दिसतो तो उठण्या-बसण्यात. जर्मनीत डायलिसिस चालू असतानाच वर्षभर सायकल आणि ताकदीचे व्यायाम करून घेण्याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एका मिनिटात खुर्चीतून उठण्याची संख्या व्यायाम करणाऱ्यांत सरासरी १६ वरून १९ वर गेली, तर न करणाऱ्यांत ती १५ च्या आसपास घसरली. याउलट ब्रिटनमधल्या २०२१ च्या चाचणीत सहा महिने डायलिसिसदरम्यान सायकल चालवूनही रुग्णांच्या जीवनमानात ठळक फरक पडला नाही. माझ्या मते केवळ सायकलवर भिस्त ठेवू नये. मांडीची ताकद वाढवणारे काहीतरी सोबत हवेच.

सायकल नसेल तरी बिघडत नाही. पलंगावर पडल्या पडल्या घोटे वरखाली करणे, गुडघा सरळ करून पाय थोडा उचलून धरणे, पायाला रबरी पट्टा अडकवून ताणणे, एवढे पुरते. हे डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांतच करावे, कारण पुढे शरीरातून पाणी निघत जाते तसा रक्तदाब खाली येण्याचा धोका वाढतो. फिस्तुलाचा हात (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला हात) मात्र अजिबात हलवू नये. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपतच दम लागावा.

उत्तर २ (डायलिसिस तंत्रज्ञ):
वरील सल्ल्याला माझी पुस्ती. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, कारण जुन्या मधुमेहात हृदयविकार असूनही छातीत दुखतेच असे नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन फार वाढले असेल, मागची पाळी चुकली असेल, पोटॅशियम वाढलेले असेल, ताप असेल किंवा पडून राहिल्यावर धाप लागत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको. जांघेत कॅथेटर (डायलिसिससाठी घातलेली नळी) असेल तर पायांची सायकल मुळीच नको. सुया काढल्यावर लगेच चालायला लावू नका. पलंगाच्या कडेला जरा वेळ बसवा, रक्तदाब पाहा, मगच उभे करा.

उत्तर ३ (रुग्ण, जुळे सोलापूर):
डायलिसिस नसलेल्या दिवशी मी घराजवळच चालतो. इटलीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना घरच्या घरी हलके चालायला सांगितले होते. सहा महिन्यांनी त्यांचे सहा मिनिटांतले अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरपर्यंत गेले. माझ्यासारख्याला हा मार्ग झेपतो. आपल्याकडची अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर गेला की चालून घाम येतो, घामाने तहान लागते आणि पाण्याचे माप तर ठरलेले. म्हणून सूर्य वर येण्याआधीच चालून घ्यावे. खारट शेंगा चटणी आणि कडक भाकरी आपल्या जिवाभावाची खरी, पण त्या मिठाने तहान दुप्पट होते. वडील इन्सुलिन घेत असतील तर खिशात साखर असू द्या, पायांत बंद बूट घाला आणि रोज रात्री तळवे पाहा. मधुमेहात जखम झाली तरी कळत नाही. व्यायामासोबत प्रथिने किती द्यायची, तेही आहारतज्ज्ञांना विचारा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पुढच्या पाळीला आत्यालाही सोबत नेऊन डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवतो. खुर्चीतून उठण्याचा सराव घरी सुरू करायचा झाल्यास खुर्ची कशी असावी?

उत्तर २ (डायलिसिस तंत्रज्ञ):
हातांची, न घसरणारी आणि भिंतीला टेकवलेली. सुरुवातीला वर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा आणि हातांचा आधार घेऊ द्या, मात्र फिस्तुलाच्या हातावर भार नको. सहज जमू लागले की उशी काढा. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी उभे राहावे.