डीएनएचं ‘विवर्धन’ की ‘बहुगुणन’?

विचारणा

जैववैद्यकीय संशोधनावरची एक लेखमाला संपादनासाठी हातात आहे. पीसीआर या डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या तंत्रावरच्या एकाच लेखात अॅम्प्लिफिकेशनसाठी वर्धन, विवर्धन आणि प्रवर्धन असे तीन शब्द आलेत, आणि एका ठिकाणी चक्क ‘डीएनएची वाढ केली’. नमुन्याचं वाक्य देतो :

‘रुग्णाच्या रक्तातील डीएनएचे विवर्धन करून त्यातील उत्परिवर्तनाचे विश्लेषण करण्यात आले.’

कोणता शब्द ठेवावा? टेम्पलेट, अॅनीलिंग आणि कंट्रोल यांचंही काय करायचं ते सांगा. वाचक बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेला आहे असं धरा.

प्रतिसाद

विवर्धन ठेवा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये विवर्धक रूढ आहे, तिथूनच घेतल्यासारखा वाटेल. तिन्हींतला कुठलाही चालेल, फक्त लेखभर एकच ठेवा.

प्रतिसाद

एकच ठेवा हे बरोबर, पण विवर्धन नको. विवर्धकातून बाहेर येतो तो आत गेलेलाच आवाज, जोर वाढलेला. भिंगाखालीही वस्तू तीच, फक्त मोठी दिसते. पीसीआरमध्ये काहीच मोठं होत नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी बेस-जोड्या असतात, त्यांतला काहीशे जोड्यांचा तुकडा आपण निवडतो आणि फक्त त्याच्या प्रती काढतो. बाकीचा डीएनए नळीत होता तेवढाच राहतो. म्हणून ‘डीएनएची वाढ’ हे तर सरळ चुकीचं आहे. वाढ होते ती पेशींची, संवर्धनाच्या बशीत.

मी ‘बहुगुणन’ लिहितो. क्रियापदही सरळ बनतं : तुकडा बहुगुणित केला. आणि ते गणिताच्या अर्थानेही खरं आहे. दर फेरीला संख्या दुप्पट धरली तर १० फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात, ३० फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर. प्रत्यक्षात शेवटच्या फेऱ्यांत प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे) आणि सुटे न्यूक्लिओटाइड (डीएनएचे घटक) संपत येतात, विकर थकतं, आणि दुप्पट होणं मंदावतं. हे एका वाक्यात सांगायलाच हवं, नाहीतर वाचक ४० फेऱ्यांचा गुणाकार करून बसतो.

‘साखळी’बद्दलही बोलायला हवं. पीसीआरचं मराठी बरेचदा ‘बहुवारिक शृंखला अभिक्रिया’ असं छापतात. पॉलिमरेज हे विकराचं नाव, बहुवारिक म्हणजे पॉलिमर. इथे काम करणाऱ्यालाच नावातून काढून टाकलंय. शिवाय ही साखळी डीएनएच्या रेणूची नव्हे. अणुविखंडनात एका टप्प्यातून निघालेले न्यूट्रॉन पुढचा टप्पा घडवतात, त्या अर्थाची ही साखळी : एका फेरीत तयार झालेली प्रत पुढच्या फेरीत स्वतःच साचा होते. ‘पॉलिमरेज साखळी अभिक्रिया’ एकदा लिहा आणि पुढे पीसीआर. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचलेलं तंत्र, १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी, मायकेल स्मिथ यांच्यासोबत विभागून. नाव आता जगभर आद्याक्षरांनीच चालतं.

टेम्पलेटला साचा म्हणावं, याबद्दल मला शंका नाही. साच्यातून निघणारी मूर्ती साच्यासारखी नसते, त्याच्या उलट असते : जिथे खळगा तिथे उंचवटा. डीएनएचा एक पेड वाचून घडणारा दुसरा पेडही तसाच. एच्या समोर टी, जीच्या समोर सी. ‘नमुना’ लिहिलंत तर एक तर हे सगळं हरवेल, आणि दुसरं म्हणजे रक्ताचा नमुना कुठला आणि हा कुठला, हा घोळ होईल.

प्रतिसाद

साच्याला अनुमोदन. ‘पेड’सुद्धा आवडला. दुपेडी डीएनए, एकपेडी आरएनए. ‘द्विसर्पिल रज्जुक’ वगैरे वाचण्यापेक्षा केव्हाही बरं.

फेरीच्या तीन पायऱ्यांना मी क्रियापदंच वापरते. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला पेड सुटतात. तापमान ५० ते ६५ च्या दरम्यान आणलं की प्रायमर आपापल्या जागी जुळतात. ७२ ला पॉलिमरेज पुढचा पेड विणतं. सुटणे, जुळणे, विणणे. अॅनीलिंग म्हणजे इथलं जुळणं. हा मूळचा धातुकामातला शब्द, तापवून सावकाश निववणे असा. त्याचं भाषांतर करत बसलं तर वाचक भट्टीकडे जातो. प्रायमर मात्र प्रायमरच राहू द्या, तसंच टॅक. टॅक पॉलिमरेज ‘थर्मस अॅक्वाटिकस’ या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून ९५ अंशांना टिकतं. आधी वापरत ते ई. कोलायचं विकर दर फेरीत तापवताना निकामी व्हायचं आणि ताजं घालावं लागायचं.

प्रतिसाद

कंट्रोलचं उत्तर राहिलं. ‘नकारात्मक नियंत्रण’ हा प्रकार मी छापील मजकुरात पाहिलाय. कोण कोणावर नियंत्रण ठेवतंय? पीसीआरच्या संचात एका नळीत सगळं घालतात, फक्त डीएनएऐवजी पाणी. त्या नळीत काहीही उमटायला नको. प्रती तपासायच्या जेलवर तिथे पट्टा दिसला तर सगळ्याच नळ्यांचा निकाल बाद. हे अनेकदा होतं, कारण आधीच्या प्रयोगातल्या कोट्यवधी प्रती झाकण उघडताना हवेत उडालेल्या असतात आणि त्यांतली एखादीही पुरते. म्हणून नळ्या भरायची खोली आणि तयार प्रती हाताळायची खोली वेगळी ठेवतात. मी ‘पडताळा नळी’ म्हणतो : साचा नसलेली पडताळा नळी, आणि हमखास उमटणारी पडताळा नळी. लांब आहे, पण वाचणाऱ्याला ती कशाला ठेवलीय ते कळतं.

प्रतिसाद

लेखात ‘आरटी-पीसीआर’ असेल तर तेही तपासा. आरटी म्हणजे ‘रिअल टाइम’ असं लिहिणारे खूप आहेत. मूळ अर्थ रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. दहावीच्या पुस्तकात ट्रान्सक्रिप्शनला प्रतिलेखन म्हटलंय, तेव्हा हे ‘उलट प्रतिलेखन’ : आरएनएवरून डीएनए. ते करणारं विकर १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलं. कोरोना विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, म्हणून त्याच्या चाचणीत ही पायरी अटळ. ती चाचणी रिअल टाइमही असते, म्हणजे प्रती बनत असतानाच मोजल्या जातात, तिथेच गोंधळ पक्का होतो. अशा प्रयोगांची माहिती कशी द्यावी हे सांगणाऱ्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनी रिअल टाइम मोजणीसाठी ‘क्यूपीसीआर’ आणि आरएनएपासून सुरुवात असेल तर ‘आरटी-क्यूपीसीआर’ अशी वाटणी सुचवली. तीच पाळा.

आणि सीटी व्हॅल्यूला कृपया ‘सीटी मूल्य’ म्हणू नका, लोकांना स्कॅन आठवतो. ‘उंबरठा-फेरी’ चालेल का? प्रतींसोबत वाढत जाणारी चमक ज्या फेरीत ठरलेला उंबरठा ओलांडते ती फेरी. आकडा लहान म्हणजे सुरुवातीचा साचा जास्त, हे या शब्दात आपोआप कळतं : लवकर पोचला. साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट.

प्रतिसाद

उंबरठा-फेरी छान. एक पुस्ती : साचा जास्त म्हणजे जिवंत विषाणू जास्त असं लगेच लिहू नये. पीसीआरला मेलेल्या विषाणूचे तुकडेही तितकेच चालतात. त्यामुळे ‘विषाणू आढळला’पेक्षा ‘विषाणूचा आरएनए आढळला’.

मूळ विचारणाकर्ता

सर्वांचे आभार. लेखकाला विचारून वाक्य असं केलंय :

‘रुग्णाच्या रक्तातून डीएनए वेगळा काढला, त्यातला बीटा-ग्लोबिन जनुकाचा तुकडा पीसीआरने बहुगुणित केला आणि सिकल सेलचे उत्परिवर्तन आहे का ते पाहिले.’

प्रतिसाद

आता नेमकं झालं. फक्त ‘पाहिले’ कसं, तेही सांगून टाका. १९८५ च्या पीसीआरवरच्या पहिल्या शोधनिबंधात हाच जनुक आणि हाच आजार होता, आणि तिथे क्रम वाचला नव्हता. खुणेचा छोटा डीएनए बहुगुणित तुकड्याशी जुळवायचा, मग छेदक विकराने तो कापला जातो का ते बघायचं. सहाव्या संकेतात जीएजीचं जीटीजी झालं असेल तर कापायची जागाच मोडते. तुमच्या लेखकाने क्रम वाचला असेल तर ‘क्रम वाचून’, विकराने कापला असेल तर ‘कापून’. ‘विश्लेषण’ने दोन्ही झाकलं होतं.