पाय सुजला की लगेच स्कॅन? काहीही काय!

वर्धेकर: काल इथे एकाने ठासून लिहिलं, पाय सुजला की लिम्फोसिंटिग्राफी (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिका नळ्यांचा स्कॅन) कराच, त्याशिवाय लिम्फिडिमाचं (या नळ्या तुंबून येणाऱ्या सुजेचं) निदान अर्धवट. वाचून डोकंच फिरलं. आम्ही हत्तीरोगाच्या पट्ट्यातली माणसं. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमटी येत नाही, एवढं बघून पीएचसीतले डॉक्टर ओळखतात. आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा, शिरेत गुठळी नाही ना बघा. हृदय, किडनी, थायरॉइड तपासा. या स्कॅनचा गॅमा कॅमेरा मोठ्या शहरात. मजुरी बुडवून कोण जाणार?

सांगलीची: चिमटी आली म्हणजे लिम्फिडिमा नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? सुरुवातीला येतेच चिमटी! माझ्या बहिणीला वर्षानुवर्षं “वजन कमी कर” एवढंच ऐकवलं. शेवटी स्कॅन झाला. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्यात टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची सुई (चांगलीच झोंबते), थोडं चालवलं, मग कॅमेऱ्याखाली. उजवीकडे जांघेतल्या गाठी ठळक काळ्या. डावीकडे ठिपकासुद्धा नाही, नुसता पोटरीच्या कातडीत पसरलेला धूसर डाग. ती फिल्म बघून रडली ती.

अनामिका७: आईच्या स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजलाय. पुन्हा किरणं नकोत हो.

गॅमावाला: मी याच खात्यात काम करतो. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो. मात्राही अगदी कमी. पण काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कारण बहुतेक वेळा समोरच असतं, स्कॅन लागतोच असं नाही. सूज अचानक वाढली किंवा हात दुखू लागला तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

वर्धेकर: बघा, खात्यातला माणूसच म्हणतो लागतोच असं नाही! आणि फायलेरियात, म्हणजे हत्तीरोगात, हा स्कॅन फक्त बिघडलेल्या नळ्या दाखवतो. जंत जिवंत आहे का, ते रात्रीच्या रक्तातून नाहीतर अँटिजेन कार्डाच्या झटपट रक्तचाचणीवरून कळतं. खरा घोळ हत्तीरोगाच्या जंतावरच्या गोळ्यांचा आहे. दारात गोळ्या आल्या की लोक खिशात टाकतात.

मूळची_नागपूरची: लोकांना दोष देऊ नका! २०१९ ला आमच्या जिल्ह्यात तीन औषधांची मोहीम आली. काकूंना गोळ्यांनंतर ताप, चक्कर. जंत मरताना असं होतं, हे आधी कुणी सांगितलंच नाही. पुढच्या खेपेला त्यांनी दारच उघडलं नाही.

वर्धेकर: आमच्याकडे आशाताई समोर उभ्या राहून गिळायला लावतात. तरी माणसं गालात धरून ठेवतात. त्याचं काय?

मूळची_नागपूरची: समजावलं तर गिळतील. धाकाने नाही.

सांगलीची: गोळ्यांचा वेगळा धागा काढा! स्कॅनचं बोला.

वर्धेकर: बोलतो. तरुण वय, एकाच पायाला सूज, डॉपलर साफ, कारण सापडत नाही. तिथे करा स्कॅन, चला, मानलं. सरसकट नको.

सांगलीची: सरसकट मी म्हटलंच कुठे? तो कालचा लेख तुमच्या डोक्यात बसलाय.

गॅमावाला: रिपोर्ट हातात आला तरी रोज पाय धुणं, बेचकी कोरडी ठेवणं, बँडेज बांधणं सुटत नाही.

वर्धेकर: मग ते बँडेज बांधायला शिकवणारा आमच्या तालुक्यात एक तरी माणूस दाखवा. माझी आई दुपट्टा फाडून गुंडाळते.