अनुभव धागा : बसिंगच्या काळातली अमेरिकन शाळा

काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल आपण वाचलेला असतो, १९५७ ला लिटल रॉकमधे गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या नऊ काळ्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने फौज पाठवली तेही माहीत असतं. पण कितीतरी ठिकाणी काळी-गोरी मुलं खरोखर एका वर्गात आली ती १९७० नंतर, कोर्टाच्या ऑर्डरने बस फिरायला लागल्यावर. हेच बसिंग, म्हणजे शाळा मिसळाव्यात म्हणून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवणं. आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेली आपली मंडळी नेमकी तेव्हाच तिकडे संसार मांडत होती. तर त्या बसमधे बसलेले किंवा पोरांना बसवलेले कोणी असाल तर लिहा. शाळेचं नाव नको. आणि गोडगोड नको, झालं तसं लिहा.

*

विल्मिंग्टन, डेलावेअर

बाबा केमिकल इंजिनिअर, घर सबर्बात. सप्टेंबर १९७८ ला आमच्या न्यू कॅसल काउंटीत शहर आणि सबर्बचे मिळून अकरा स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळांचे प्रशासकीय विभाग) एक करून टाकले. प्लॅनला नऊ-तीन म्हणायचे, म्हणजे शहरातल्या पोरांनी (बहुतेक काळी) नऊ वर्षं सबर्बात यायचं आणि आम्ही फक्त तीन वर्षं शहरात जायचं. आणि आरडाओरडा सगळा त्या तीनचा! नऊवाल्यांना कोणी विचारलंही नसावं.

मला शहरातली शाळा आली. आईने पहिल्या आठवड्यात इतक्या सूचना दिल्या की मला वाटलं युद्धावर चाललेय, आणि तिथे झालं काय तर मुलींना माझ्या तेल लावलेल्या वेणीचं भयंकर कुतूहल, आणि मला त्यांच्या डबल डचचं, दोन दोऱ्या उलटसुलट फिरतात आणि मधे उडी मारायची, मला ते जमेपर्यंत हिवाळा आला. मारामाऱ्या व्हायच्या, नाही असं नाही, पण मुलांमधे, आणि बऱ्याचदा गोरी विरुद्ध गोरी.

त्रास घरी झाला. वाढदिवसाला मी शाळेतल्या मैत्रिणींना बोलवायचं म्हटलं तर आई म्हणे, "अगं किती लांबून येणार त्या बिचाऱ्या." मी तिथे रोज जात होते, तेवढंच लांब. शेवटी केक नेहमीच्याच मराठी मंडळींनी खाल्ला. आणि त्यातलीच काही मंडळी पुढे हद्दीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहायला गेली, कारण काय तर म्हणे टॅक्स.

*

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

आमच्याकडे स्वॉन खटल्यातल्या ऑर्डरने बस (सुप्रीम कोर्टाने ती १९७१ ला कायम केली). फॉर्मवर दोनच रकाने, काळा नाहीतर गोरा. ऑफिसातल्या बाईंनी एकदा पप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गोऱ्यावर टिक मारली (१९७० च्या जनगणनेतही भारतीय गोऱ्यांतच धरलेले, त्यामुळे त्यांचं नियमाने बरोबरच होतं). म्हणजे काळ्या वस्तीतल्या शाळेत बॅलन्स साधायला पाठवलेला गोरा मुलगा तो मी. ज्यांनी मला बघितलंय त्यांनी हसून घ्या.

कँटीनमधे मात्र कोर्टाचं चालायचं नाही, टेबलं आपोआप वेगळी. एक बँडवाल्यांचं टेबल तेवढं मिक्स. मी ट्रॉम्बोन वाजवायचो, भिकार, पण जेवायची सोय झाली.

*

>> आम्हाला लुईव्हिलला फॉर्मवर 'अदर'मधे टाकलं होतं. १९७५.

*

बॉस्टन

मी तेव्हा तिथे पीएचडी करत होतो. १२ सप्टेंबर १९७४, जज गॅरिटीच्या बसिंगच्या ऑर्डरचा पहिला दिवस, साउथ बॉस्टनमधे काळ्या मुलांच्या बसवर दगड आले. संध्याकाळी टीव्हीवर बघितलं, आयाबाया ओरडतायत, खिडकीला पोरांची तोंडं.

माझे वडील विदर्भातल्या गावच्या शाळेत वर्गाबाहेर ओट्यावर बसून शिकले. मास्तर पाटी लांबून बघायचे, शिवायचे नाहीत. मी त्यांना सगळं सविस्तर कळवलं, दगड, पोलीस, सगळं. उलट पत्रात त्यांनी एकच विचारलं, पाणी कुठं पितात पोरं? मी कळवलं, एकाच नळावर. तर त्यांनी ते पत्र वस्तीत वाचून दाखवलं म्हणे, आणि दगडांबद्दल पुढे एक अक्षर नाही.

त्याच महिन्यात गणपतीला एका घरी जमलो होतो. एक गृहस्थ प्लेट हातात घेऊन म्हणाले, "या लोकांना मुळात शिक्षणाची आवडच नाही हो." मला ते वाक्य पाठ होतं. मुंबईतही ऐकलेलं, फक्त तिथे 'या लोकांना' म्हणजे आम्हाला. मी काही बोललो नाही, मोदक मात्र जाईना.

*

डेट्रॉइटचा सबर्ब

आमच्याकडे बस आलीच नाही. १९७४ च्या मिलिकेन निकालात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सबर्बना शहराबरोबरच्या बसिंगमधून मोकळं सोडलं. माझ्या वर्गात एकही काळं मूल नव्हतं. घर घेताना आईबाबांनी 'स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला' एवढंच बघितलं, आणि खरं सांगायचं तर मीही माझ्या घराच्या वेळी वेबसाइटवर शाळेच्या रेटिंगचा आकडाच बघितला. तो आकडा कशाने वर जातो ते रिअल्टर बोलत नाही, आपणही विचारत नाही.

*

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. २०१९ च्या अध्यक्षीय उमेदवारांच्या डिबेटमधे कमला हॅरिसने स्वतःच्या लहानपणीची म्हणून काढली होती त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या बसचं कोणी आहे का इथे? तिथे १९६८ ला शहराने आपणहून सुरू केलं होतं, कोर्टाशिवाय, त्यामुळे वातावरण वेगळं होतं का ते ऐकायचंय. आणि आईबाबांच्या पिढीतलं कोणी असेल तर त्यांच्याकडून टाइप करून घ्या, त्यांचं म्हणणं अजून आलेलं नाही.