चर्चा : डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे वैराग्य... हे आधीच सांगून टाकायचं का?

धंतोलीची वाचक :
बारावी आणि बीएच्या मुलांना मी मराठी शिकवते. बालकवींची 'औदुंबर' घेतली की कविता वाचायच्या आधीच निम्मा वर्ग सांगून मोकळा होतो : डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. गाइडात तेच, क्लासच्या नोट्समध्येही तेच. मला हे घातक वाटतं.

कविता आठच ओळींची. दोन्ही तटांवर हिरवळ घेऊन वाहणारा निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, पुढे शेतमळ्यांची दाटी, तिच्यातून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट. ती निघाली काळ्या डोहाकडे. तिथे पाण्यात पाय टाकून औदुंबर बसलाय. आधी हे डोळ्यांसमोर येऊ द्या ना! मग रंग बघा : हिरवा पुन्हा पुन्हा येतो, मग पांढरा, मग काळा. आणि काळ्यापाशी पोचल्यावर कवी म्हणतो 'गोड काळिमा'. डोह म्हणजे मृत्यू असं लिहिणाऱ्यांनी या 'गोड'चं काय केलं? उत्तरपत्रिकांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. उलट १९१८ साली बालकवी सत्तावीस वर्षांचे असताना रेल्वे अपघातात गेले, हे आठवून तो मृत्यू मागे नेऊन कवितेत बसवतात.

कथांचंही तेच. जी. ए. कुलकर्णींची 'प्रवासी' हातात घेतली की शीर्षकावरूनच 'प्रवास म्हणजे आयुष्य'. मग पुढची पानं वाचायची कशाला? प्रतीक वाचनाच्या शेवटी हाती यावं आणि ते कुठून आलं हे ओळीवर बोट ठेवून दाखवता यावं, असं माझं म्हणणं आहे.

रामदासपेठकर :
पूर्ण असहमत. मी अनेक वर्षं पेपर तपासले आहेत. घरात पुस्तकांचं कपाट असलेल्या मुलाला 'आधी दिसू द्या' म्हणणं सोपं आहे. ज्याच्या घरात कवितेचं पहिलं पुस्तक शाळेचंच, त्याला कुणीतरी किल्ली द्यावीच लागते. आणि हे अर्थ गाइडवाल्यांनी हवेतून आणलेले नाहीत. औदुंबर हे दत्ताचं झाड. त्याच्याखाली पारायणं होतात, पादुका असतात. मराठी वाचकाला तिथे वैराग्य आठवणारच. वाट, दिवा, डोह, पैलतीर ही सगळी संतकवितेपासून चालत आलेली भाषा आहे. ती शिकवायची नाही तर काय शिकवायचं?

इंदोऱ्याचा मुलगा :
मॅडम, 'ओळीवर बोट ठेवा' हा नियम सगळीकडे चालत नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'मधली (१९७२) ती कविता घ्या, जिच्यात हजारो वर्षांनंतर सूर्यफुलं हाती ठेवणारा फकीर लाभतो. बाबासाहेबांचं नाव कवितेत कुठेही नाही. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात ही कविता पहिल्यांदा वाचली गेली तेव्हा फकीर कोण हे कुणाला सांगावं लागलं नाही. तो अर्थ आमच्या जगण्यातून आला. 'फक्त कवितेत बघा' असं तुम्ही म्हणता तेव्हा ज्यांचं जगणं आधीच अभ्यासक्रमात आहे, त्यांचीच सोय होते.

धंतोलीची वाचक :
तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि संदर्भ शिकवायलाच हवा हे मला मान्य आहे. पण त्याच कवितेत अंधार वाहून वाहून वाकलेला बाप आहे, त्याच्या पाठीवरचा बोजा खाली ठेवण्याची भाषा आहे. 'फकीर म्हणजे बाबासाहेब' एवढं लिहिणाऱ्या मुलाला तो बाप दिसलाच नाही, तर त्याने कविता वाचली असं तुम्ही म्हणाल का?

इंदोऱ्याचा मुलगा :
नाही म्हणणार. पण तो बाप कोण हे कळायलाही आमचा इतिहासच लागतो.

मॉरिसचा जुना विद्यार्थी :
कवी ग्रेस आमच्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांची 'ती गेली तेव्हा' ऐकून कितीतरी लोक प्रेयसीची कविता समजतात. आत 'ती आई होती' असं चक्क लिहिलंय. पण म्हणून खिडकीवरचा तो धुरकट कंदील कशाचं प्रतीक, असं विचारू नका हो. तो एकटा आहे आणि बालपण संपलंय. बस. अर्थ काढायला गेलात की लय हातची जाते.

धंतोलीची वाचक :
दादा, कंदिलाचं एकटेपण आणि संपलेलं बालपण शेजारी ठेवलंत, हाच तर अर्थ लावणं झालं. लय कुठे गेली?

काटोलची काळी माती :
मॅडम, आमच्या नाल्याच्या काठाले उंबर हाय. मुया पान्यात. उंबर दिसला का पानी जवळच हाय, असं जुने लोक म्हन्त. आन् डोह काळा दिसते कारन पानी खोल हाय. मे महिन्यात सारा नाला आटते, डोहातच पानी उरते. गावाची वाट तिकडं काहून जाते? बाया पानी भराले जाते, ढोरं पान्यावर जाते. मले तं त्या कवितेत मरन नाही दिसलं. मले गाव जगवनारं पानी दिसलं. 'गोड'चं उत्तरबी मंग सापडते.

रामदासपेठकर :
भाऊ, हे वाचन सुंदर आहे. पण एक गोष्ट बघा. पूर्ण कवितेत माणूस नाही. चार घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे. तिच्यावर ना घागर घेतलेली बाई, ना गुरं. वाट एकटीच चाललीय आणि शेवटी एकटं झाड बसलेलं. गाव जगवणारं पाणी दाखवायचं असतं तर कवीने ती माणसं का गाळली? विरक्तीचा अर्थ मी इथून काढतो, गाइडातून नाही.

धंतोलीची वाचक :
आता तुम्हीच ओळीवर बोट ठेवलंत! मग सांगा, काटोलचं हे उत्तर तुमच्याकडे पाच गुणांच्या प्रश्नाला आलं, तर किती द्याल?

रामदासपेठकर :
साडेचार. माणसं का नाहीत याचा विचार केला असेल, तर पाच. आणि कारण न देता फक्त 'औदुंबर म्हणजे वैराग्य' लिहिणाऱ्याला दोन. पण शून्य देणार नाही, मॅडम. तेवढं तरी त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं.