कौलांखालचा पोटमाळा तापतो, पंखा किती इंची घेऊ? (मदत हवी आहे)

तापलेलं_छप्पर: कोनाकौलांखाली (आढ्यावरची कौलं) गरम हवा बाहेर सोडणारी पट्टी नवीन बसवली, उष्णता परतवणारं फॉइल आधीपासून आहे. तरी पोटमाळ्यात दोन मिनिटं थांबवत नाही आणि खोलीचं छत रात्री दहालाही गरम. आता एक्झॉस्ट पंखा लावतोय. किती इंची? लवकर सांगा.

उभी_रीप: पंखा राहू द्या. माप काय? वळचणीतून हवा आत येते का? फॉइल नेमकं कुठं?

गारवा: कौलांना पांढरा उष्णतारोधक रंग मारा. दोन हात. विषय संपला.

उभी_रीप: रंगानं कौल कमी तापेल, कोंडलेली हवा कशी निघेल? आणि रंगाचं विचारलं कुणी?

तापलेलं_छप्पर: आढ्याच्या दिशेनं ९ मीटर, आडवं ६. फॉइल वाशांवर, त्यावर थेट आडव्या रिपा. वळचण खालून बोर्ड मारून बंद केलीय, छान दिसते. तिचा काय संबंध?

उभी_रीप: खालून हवा आली नाही तर वरून जाईल कशी! क्षेत्रफळ ५४ चौमी. हवेच्या ये-जा साठी क्षेत्रफळाच्या १/१५० धरलं तर ३६०० चौसेंमी मोकळी जागा, निम्मी वर आढ्याला, निम्मी खाली वळचणीला. म्हणजे दोन्ही वळचणींना सलग १० मिमी फट. जाळी लावली की तारांतच जागा जाते, म्हणून २० मिमी ठेवा. या स्थितीत पंखा लावलात तर तो छताच्या दिव्यांच्या भोकांतून खोलीतलीच गार हवा ओढेल.

कोनेरी: १/१५० कशाला? १/३०० पुरतं.

उभी_रीप: वर-खाली समतोल असेल तर. यांचं खालचं शून्य आहे. उन्हाळा कडक असेल तिथं मी १/१५०च धरीन.

चिमणपाखरू: फट ठेवली की वटवाघळं आलीच. मच्छरदाणीची जाळी लावा.

कोनेरी: ती धूळ-जळमटांनी वर्षात बुजते. ६ मिमीची लावा. खरा घोळ रिपांचा आहे. फॉइलला चिकटून आडव्या रिपा, मग कौलाखालची हवा वर सरकणार कशी? झिरपलेलं पाणीही रिपेमागे साचून लाकूड कुजतं. आधी वाशावर २५ ते ४० मिमीची उभी पट्टी, मग आडवी रीप.

तापलेलं_छप्पर: म्हणजे सगळी कौलं उतरवू?? सोपं काही सांगा.

उभी_रीप: उतरवू नका. पुढं कधी कौलं चाळाल तेव्हा उभ्या पट्ट्या टाका. आधी हे बघा: फॉइल आढ्यावरून सलग गेलंय का?

तापलेलं_छप्पर: आत्ता टॉर्च मारून पाहिलं. सलग आहे. उजेडाची एक तिरीपही नाही.

उभी_रीप: मग तुमची आढ्यावरची पट्टी फॉइलच्या वरचीच हवा काढतेय, पोटमाळ्याची नाही. आढ्याच्या दोन्ही अंगांना २५-२५ मिमी फॉइल कापा, कापलेली कड वर दुमडा म्हणजे पाणी आत उतरणार नाही. वळचणीचे बोर्ड त्याच दिवशी उघडा. त्या पट्टीच्या पाकिटावर दर मीटरला किती चौसेंमी मोकळी जागा लिहिलीय? २०० हवेत.

तापलेलं_छप्पर: पाकीट फेकलं.

गारवा: म्हणून म्हणत होतो, रंग.