रोबुस्टो सिगार अर्ध्यावर आली की कडू का होते?

ओलीराख (धागाकर्ता)

क्यूबन रोबुस्टो (आखूड, जाडसर सिगार), ५० रिंग (जाडीचं माप), लांबी १२४ मिमी. पहिले तीनेक सेंटिमीटर झकास लागतात: भाजलेले दाणे, सुगंधी लाकूड, थोडी कॉफी. निम्म्यावर आली की जळकट कडू चव, धूर गरम, जिभेच्या शेंड्याला चुरचुर. मधे दोनदा विझते, शिवाय एक बाजू पुढे पळते. पाचपैकी चार सिगारींचं हेच झालं.

ठेवण्याची पद्धत: हवाबंद प्लास्टिकचा डबा, २० सिगारी, आर्द्रता ६९ टक्क्यांवर राखणारा ८ ग्रॅमचा एक ओलावा-पॅक. डिजिटल आर्द्रता-मीटर ६९ दाखवतो. खोली २९ अंश, मुंबई, जुलै महिना. कापायला दुधारी कटर, पेटवायला जेट लायटर. पानच कडक आहे की हाताळणीत चूक आहे? आणि 'कोको, चामडं, मध' ही जी वर्णनं वाचतो ती खरंच लागतात का?

---

सेको_लिगेरो

पान निर्दोष असावं. कडक पान पहिल्या झुरक्यापासून कडक लागतं. निम्म्यावर येणारा कडूपणा जवळजवळ नेहमी ओलाव्याचा आणि घाईचा असतो.

सिगारचा न जळलेला भाग गाळणीसारखं काम करतो. पुढच्या टोकाची वाफ आणि डांबर मागच्या पानांत साचत जातं. सिगार सादळलेली असेल तर वाफ जास्त, म्हणून जळायला कुरकुर. विझू नये म्हणून आपण भराभर झुरके मारतो, त्याने निखारा आणखी तापतो. निखारा निम्म्यावर पोचतो तेव्हा आधी साचलेलं सगळं तो नव्याने भाजत असतो. तुमची चुरचुर आणि जळकट चव तिथून येते.

आता वेग. मिनिटाला एक झुरका, दोन-तीन सेकंदांचा, हलका. रोबुस्टो ४५ मिनिटं ते तासभर चालायला हवी. अर्ध्या तासात संपत असेल तर तुम्ही ती सिगारेटसारखी ओढताय.

एक बाजू पळण्याची कारणं वेगळी. आत तीन तऱ्हेची पानं असतात: झाडाच्या खालची व्होलादो (जळायला सोपी), मधली सेको (सुगंध), वरची लिगेरो (जाड, तेलकट, जोरदार, हळू जळणारी). लिगेरो मध्यभागी असावी लागते. वळणाऱ्याच्या हातून ती कडेला सरकली तर ती बाजू मागे राहणारच, त्याला आपला इलाज नाही. पण पाचपैकी चार वाकड्या जळतायत म्हटल्यावर आधी डोक्यावरचा पंखा बंद करा! मागे पडलेली बाजू खाली फिरवून धरा, बहुतेक वेळा दोन-तीन झुरक्यांत ती जुळून येते. नाहीच आली तर तेवढ्याच भागाला लायटरची धग द्या.

विझली तर राख झाडा, सिगारमधून एकदा बाहेर फुंकर मारा म्हणजे आत कोंडलेला शिळा धूर निघून जातो, मग पेटवा. फुंकर न मारता पेटवलीत तर पहिला घोट अमोनियासारखा लागतो. विझून तासभर झाला असेल तर सोडून द्या.

---

मीठवाटी

६९ हा आकडा मीटर सांगतोय. स्वस्त डिजिटल मीटर पाच-सहा टक्के सहज चुकतात. आधी तो तपासा:

बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या. थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करा, मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून किमान आठ तास, जमलं तर रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मीटर किती दाखवतो तो फरक लिहून ठेवा.

दुसरं, २० सिगारींना ८ ग्रॅमचा पॅक म्हणजे समुद्रात खसखस. हिशेब साधारण २५ सिगारींना ६० ग्रॅमचा आहे. पॅक दोन्ही बाजूंनी काम करतो, ओलावा देतो आणि शोषतोही. जुलैत रोज डबा उघडला की बाहेरची ८५-९० टक्क्यांची हवा आत जाते आणि एवढासा पॅक भरून जातो. फुगून पातळ लागत असेल तर समजा तो थकला. क्यूबन सिगारला मी ६५ चाच सुचवेन.

तिसरं म्हणजे २९ अंश! तंबाखूच्या पानात लासिओडर्मा नावाच्या भुंगेऱ्याची अंडी असू शकतात आणि अशा उबेत ती फुटतात. वरच्या पानाला टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर सगळ्या सिगारी दुहेरी पिशवीत घालून उणे १८ अंशांना तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग बाहेर. थेट बाहेर काढल्या तर वरचं पान तडकतं.

लाकडी पेटी घ्यायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. सिगारच्या पेटीतलं 'स्पॅनिश सीडर' हे सेड्रेला, महोगनीच्या कुळातलं झाड. आपला देवदार वेगळा. सुताराकडून देवदाराची पेटी करून घेतलीत तर महिनाभरात सगळ्या सिगारींना राळेचा वास लागेल.

---

पानपारखी

वरच्या दोघांना +१. चवीच्या शब्दांबद्दल थोडं.

क्यूबन हातवळणीच्या सिगारीत कोको किंवा मध घातलेला नसतो. पान ढिगात रचून मुरवतात तेव्हा ढीग आतून तापतो, अमोनिया उडून जातो, निकोटीन उतरतं आणि नवे वास तयार होतात. लोणचं मुरण्यासारखंच, घाई केली की कच्चं लागतं. ताज्या सिगारीला अमोनियाचा वास येत असेल तर काही महिने विसरून जा.

जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी चव) एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. धूर तोंडात घोळवा, बराचसा बाहेर सोडा, उरलेला थोडासा नाकावाटे काढा. छातीत अजिबात नेऊ नका. संपूर्ण सिगारीत असं पाच-सहा वेळा पुरे, जास्त केलं तर नाक बधिर होतं. पेटवण्याआधीचा कोरडा झुरकाही सोडू नका: मनुका, सुकं गवत, लाकूड तिथेच ओळखू येतं, आणि हवा ओढायला जड जातेय का तेही.

शब्दांच्या मागे लागू नका, तुलना करा. पार्तागास सेरी डी नं. ४ आणि ओयो दे मोंतेरेय एपिक्युअर नं. २, दोन्ही क्यूबन रोबुस्टो, ५० रिंग, १२४ मिमी. माप तेच, मिश्रण निराळं. पहिली मातकट, मिरमिरीत. दुसरी सौम्य, सायीसारखी. लागोपाठच्या दिवशी, त्याच वेळी, सोबत फक्त पाणी घेऊन ओढा. आणि रंगावरून जोर ठरवू नका. काळपट मादुरो पान जास्त मुरवलेलं असतं, ते पुष्कळदा गोडसरच निघतं.

(तांबडा रस्सा ओरपून 'मधाची छटा' शोधणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.)

---

काडीपेटी

जेट लायटरची ज्योत सिगारच्या पायाला (पेटवायच्या टोकाला) टेकवताय का? टेकवू नका. दीड-दोन सेंटिमीटर लांबून, सिगार फिरवत, कड सगळीकडे काळी होईपर्यंत शेकायचं, मगच पहिला झुरका. पायाचा कोळसा केलात तर सुरुवातच कडू. पेट्रोलचा लायटर नकोच. टोपी (तोंडात धरायच्या टोकावरचं पान) दोन मिमीच कापा. टोपीच्या रेषेखाली गेलात तर वरचं पान उलगडतं.

---

डॉ_नको

छातीत न नेल्याने सिगार निरुपद्रवी होत नाही, एवढं धाग्यावर नोंदवतो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, सिगारचा अल्कधर्मी, म्हणून निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. उपाशीपोटी ओढली तर तंबाखू लागते: घाम, मळमळ, गरगर. तसं झालं की सिगार बाजूला ठेवून बसा. साखर किंवा गुळाचा खडा चघळल्यावर अनेकांना बरं वाटतं.

---

ओलीराख

मिठाची चाचणी रात्रभर केली. मीटर ७० दाखवतोय, म्हणजे पाच कमी. डब्यात प्रत्यक्षात ७४ होते तर! पॅक फुगून डबडबलेला आहे. भोकं कुठे नाहीत. आता सिगारी उघड्यावर सुकवू का?

---

मीठवाटी

मुंबईत जुलैत उघड्यावर सुकणार नाहीत, आणखी सादळतील. एसीच्या झोतात ठेवल्या तर वरचं पान आधी सुकून फाटेल. ६५ चा ६० ग्रॅमवाला नवा पॅक टाका, डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा आणि तीन आठवडे उघडू नका. मीटरवर ६० दिसलं की खरे ६५. मग एक ओढून पाहा, पंखा बंद करून.